ताहरच्या शिकारीसाठी पहिली रायफल
ताहर हा रानबोकडासारखा डोंगरी प्राणी मूळचा हिमालयातला. १९०४ साली तो न्यूझीलंडमध्ये सोडला गेला. तिथल्या सदर्न आल्प्स डोंगररांगेत त्याच्या मागावर जाण्यासाठी रायफल घेताना नुसत्या बंदुकीचे वजन पाहू नका. रायफलीवरची दुर्बीण, पट्टा आणि काडतुसे धरून सारे साडेतीन किलोंच्या आसपास बसले, तर चढ सुसह्य होतो. त्याहून फार हलकी रायफल खांद्याला जबर धक्का देते आणि धापा टाकत कड्यावर पोहोचल्यावर तिची नळी स्थिर राहत नाही. माझ्या पहिल्या अतिहलक्या रायफलीमुळे चाप ओढताना डोळे मिटण्याची सवय लागली, ती मोडायला वर्ष गेले. काडतूस ६.५ क्रीडमूर या प्रकारचे पुरेसे आहे. नळी मात्र स्टेनलेस पोलादाचीच घ्या, कारण पश्चिम उतारावर पाऊस सतत असतो.