बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईला मानसिक आधार कसा द्यावा?

वहिनींचा मुलगा 15 वर्षांचा. त्या हल्ली सतत चिडतात, झोपत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. आधी ‘देवाने तुलाच निवडलं’ छापाची वाक्यं थांबवा, त्याने बाईला रडायचीही चोरी होते. ‘काही लागलं तर सांग’ हेही कुचकामी, कारण त्या सांगणार नाहीत. त्यापेक्षा ठरलेल्या वारी दुपारभर मुलाला तुम्ही सांभाळा. वयात आलेल्या मुलाची अंघोळ, दाढी दादाने हातात घ्यावी. वाढत्या अंगाचा मुलगा एकटीला आवरत नाही.

मुळातली धास्ती बहुधा ‘माझ्यानंतर याचं कोण?’ ही असते. तिला समजावणीपेक्षा कागदपत्रं जास्त लागू पडतात, असं माझं मत. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार 18 पूर्ण झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ या आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो.

झोप दोन आठवडे उडालेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नको झाल्याची भाषा आली तर थांबूच नका. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.