बाजारात, धक्क्यावर, देवळाच्या अंगणात: विज्ञान लोकांपर्यंत नेण्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं, की शाळा आणि प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर विज्ञान न्यायचं म्हटलं तर अडतं कुठे? आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न: आम्ही चौघी शिक्षिका म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विज्ञानाचं टेबल मांडायचं म्हणतो आहोत. शाळेच्या प्रदर्शनातले तक्ते तयार आहेत. लोक थांबतील का? (म्हापसा)

तक्त्यांपुढे थांबणार नाहीत. बाजाराला आलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात, त्यातल्या एकीत मासळी असली तर त्याला घर गाठायची घाई असते. तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तेवढ्यात टेबलावर बाजारातलीच एखादी वस्तू डोळ्यांदेखत बदलली पाहिजे.

आमच्या मते त्यासाठी आगळाइतकं, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाइतकं, चांगलं दुसरं काही नाही. उंच काचेचा ग्लास घ्या. १५० मिली पाण्यात एक मोठा चमचा सोलांचं आगळ घाला. आता पाव चमचा खाण्याचा सोडा हातात धरून समोरच्या बाईंना विचारा, "हा घातला तर काय होईल?" उत्तर आल्याशिवाय घालू नका, आणि घालायचा तो त्यांच्याच हातून. फसफसून फेस वर चढतो, म्हणून ग्लास उंच हवा आणि खाली ताट हवं. फेस बसला की आणखी एक चिमूट, मग आणखी एक. आगळात आंबट आम्ल शिल्लक आहे तोवर सोडा त्याच्याशी लढण्यात खर्च होतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रंग फारसा हलत नाही. ज्या चिमटीला फेस येईनासा होतो, तिथेच लाल रंग मावळून करडा-जांभळा होऊ लागतो. तो क्षण लोक वाकून बघतात. लिंबू पिळलं की लाली परत येते. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, आणि ही रंगद्रव्यं आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलतात. हे शेवटी सांगा, आधी नको.

जोडीला गोकर्णाची निळी फुलं ठेवा. दहा फुलं २५० मिली गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की गडद निळं पाणी मिळतं. पांढऱ्या वाट्यांत थोडं थोडं ओतून एकीत लिंबू, एकीत साबणाचं पाणी, एकीत विड्याच्या पानाच्या चुन्याची निवळी घाला. जांभळट गुलाबीपासून हिरव्यापर्यंत ओळ लागते. हे पाणी त्याच सकाळी करा. आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी ते आंबतं आणि रंगही मरतो. वाट्या पांढऱ्याच हव्यात, स्टीलच्या वाटीत निळा आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही.

दोन गोष्टींना जपा. आगळाचा ग्लास सरबतासारखा दिसतो आणि पोरं तो उचलतात, म्हणून "पिऊ नये" असं ठळक लिहा आणि एकीनं टेबल सोडूच नये. चुना मुलांच्या हाती देऊ नका. तो डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. स्वच्छ पाण्याच्या दोन बाटल्या जवळ असू द्या.

जागेचं सांगायचं तर ओळीच्या टोकाला बसा. कुणा विकणारीच्या तोंडासमोर गर्दी झाली तर ती रागावेल, आणि तिचं बरोबरच असेल. आगळ तिच्याकडूनच विकत घ्या. नगरपालिकेला आधी लेखी अर्ज द्या, आणि पोच पावती जवळ ठेवा, म्हणजे सोपो (बाजारात बसण्याचा कर) गोळा करायला आलेल्याशी वाद होणार नाही.

प्रश्न: मंडळाकडे सहा इंची परावर्ती दुर्बीण आहे. देवळाच्या अंगणात किंवा मिरामारला लोकांना आकाश दाखवायचं आहे. मागच्या वेळी पौर्णिमा धरली, पण चंद्र नुसता पांढरा दिसला. (फोंडा)

पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, त्यामुळे विवरांना सावल्याच नसतात. शुक्ल सप्तमी ते दशमी धरा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात, आणि संध्याकाळी सातला चंद्र चांगला वर असतो. महिने नोव्हेंबर ते मार्च.

तुमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिमी असेल तर २५ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावा, ४८ पट मोठं दिसेल. संपूर्ण चंद्र मावतो आणि गुरूचे चार मोठे चंद्रही ओळीत दिसतात. त्याहून जास्त वर्धन लावायचा मोह आवरा. आकाश दर मिनिटाला पाव अंश सरकतं, वर्धन वाढवलं की पुढचा माणूस डोळा लावेपर्यंत चंद्र निघून गेलेला असतो. ४८ पटीला दर दुसऱ्या माणसामागे हलकासा धक्का दिला की भागतं. माणशी एक मिनिट धरलं तर तासाला साठ जण होतात. रांग शंभरावर गेली तर शेवटच्यांना आधीच तसं सांगा.

गोव्यात दुर्बीण बहुतेक वेळा फसते ती दमटपणामुळे. वातानुकूलित गाडीतून काढून लगेच उघडली की थंड आरशावर बाष्प धरतं आणि सगळं धुकट दिसतं. झाकण न काढता अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, मग उघडा. धुकट आरसा रुमालानं पुसू नका, मुलामा जातो. घरी ठेवताना पेटीत सिलिका जेल ठेवा, नाहीतर पावसाळ्यात नेत्रिकांना बुरशी लागते. मिरामारला तिवईचे पाय वाळूत रुततात. तीन पायांखाली प्लायवूडचे फूटभर लांबी-रुंदीचे तुकडे घाला. खारा वारा आरशाच्या मुलाम्याला मानवत नाही, म्हणून शक्य असेल तर देवळाचं अंगणच निवडा. तिथे देवस्थान समितीला सांगून आरतीची वेळ टाळा, आणि अंगणातला एक दिवा तासभर बंद ठेवायची विनंती करा.

मुलांसाठी दोन पायऱ्यांचं भक्कम स्टूल ठेवा. नाहीतर प्रत्येक जण तोल सावरायला नळीच धरतो. हिरवा लेझर नको, मोपा आणि दाबोळीच्या विमानांच्या दृष्टीनं तो धोक्याचा आहे. दिवसा सूर्याकडे दुर्बीण वळवू नका. नेत्रिकेत बसवायची काळी काच उष्णतेनं तडकते आणि डोळा कायमचा जातो.

सूर्य दाखवायचाच असेल तर साधा आरसा घ्या. त्यावर ५ मिमी भोकाचा कागद चिकटवा आणि कवडसा १० मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. भोक गोल असो की चौकोनी, भिंतीवर सुमारे ९ सेंटिमीटरचं गोल बिंब पडतं, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. आरशात मात्र कुणी डोकावू नये.

प्रश्न: रायबंदरच्या फेरीधक्क्यावर रोज लोक ताटकळतात. तिथे काही करता येईल का? (चोडण)

जरूर करा. बोटीत नको, पलीकडे जायला मोजकीच मिनिटं लागतात. धक्क्यावर, थांबलेल्यांसाठी करा. आणि तिथे दुसरं काही दाखवण्याआधी मानस, म्हणजे बांधातलं भरती-ओहोटीनं आपोआप उघडझाप होणारं दार, दाखवा, कारण चोडण-दिवाडीची शेती त्याच्यावर उभी आहे आणि नव्या पिढीनं तो नुसता बांधावरून पाहिलेला असतो.

४० बाय २५ सेंटिमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा टब घ्या. मधोमध ॲक्रिलिकची आडभिंत सिलिकॉननं पक्की बसवा आणि एक अहोरात्र वाळू द्या. भिंतीत तळाजवळ ५ सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडा. एक बाजू नदी, दुसरी खाजन, म्हणजे नदीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन. झडप जाड प्लास्टिक फाइलची, भोकापेक्षा चहूबाजूंनी १ सेंटिमीटर मोठी. ती नदीच्या बाजूला, वरच्या कडेला चिकटपट्टीनं बिजागरीसारखी लावा. नदीत मगानं पाणी ओता. पाणी झडपेला भिंतीवर दाबतं आणि दार आपोआप बंद होतं. मग नदीचं पाणी उपसून खाजनात ओता. झडप बाहेर उघडते आणि पाणी निघून जातं. भरतीला खारं पाणी बाहेर राहतं आणि सुकतीला शेतातलं जादा पाणी जातं, माणसाचा हात न लागता.

पहिल्यांदा ही झडप हमखास फसते. प्लास्टिक हलकं असल्यानं ते पाण्यात वर तरंगतं आणि दार उघडंच राहतं. खालच्या कडेला दोन लोखंडी वॉशर चिकटवा. झडप उलट्या बाजूला लागली तर खाजन भरतं आणि रिकामं होतच नाही. लोकांना ती चूकही मुद्दाम करून दाखवा. कोरगुटसारखा खारं पाणी सोसणारा भात खाजनात का लावतात, हा प्रश्न मग लोक स्वतःच काढतात.

नदी परिवहन खात्यानं परवानगी दिली तर खांबाला दर १० सेंटिमीटरला रंगवलेली पट्टी बांधा आणि शेजारी वही ठेवा. जो येईल त्यानं वेळ आणि पाण्याची उंची लिहायची. पंधरवड्यात दिसेल, की भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला चढउतार सर्वांत मोठा असतो. वही उघड्यावर भिजते, म्हणून ती टपरीवाल्याकडे ठेवायला द्या.

प्रश्न: शून्य सावलीचा दिवस पंचायतीसमोर करायचा होता. बारा वाजता सावली होतीच. (पेडणे)

घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं चालतं आणि आपण पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास आहोत. म्हणून मेच्या सुरुवातीला सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजून ३१-३२ मिनिटांनी. काणकोणात १ मे, पणजीत २ मे, पेडण्यात ३ मेच्या आसपास. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा माथ्यावर येतो, पण पावसामुळे भरवसा नाही. फूटभर पाईप ओळंब्यानं सरळ उभा करा, फरशी लेव्हलनं तपासा. थोडाही उतार असला तर सावली उरते आणि लोक म्हणतात, जमलं नाही. सव्वाबाराला सुरुवात करून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं खुणावत राहा.

प्रश्न: पाट्या कोणत्या भाषेत लिहाव्यात? आणि उत्तर माहीत नसलेला प्रश्न आला तर? (साखळी)

पाटी मराठीत किंवा कोंकणीत लिहा, बोलताना समोरचा ज्या भाषेत विचारील त्या भाषेत बोला. पाटीवर पंचवीस शब्दांपेक्षा जास्त नकोत, अक्षरं किमान ३ सेंटिमीटर उंच. माहीत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि प्रश्न त्यांच्यासमोर वहीत लिहून घ्या. समुद्राचा असेल तर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे, एरवी मिरामारच्या विज्ञान केंद्राकडे विचारता येईल. पुढच्या शुक्रवारी त्याच जागी त्याचं उत्तर पाटीवर लावा. ज्यानं विचारलं तो वाचायला येतो, आणि सोबत आणखी कुणाला तरी घेऊन येतो.