रात्रीची भूक सकाळी सुरू होते

"दिवसभर माझं खाणं अगदी नीट असतं. रात्री दहा वाजले की ताबाच सुटतो." हे वाक्य माझ्याकडे थोड्याफार फरकाने सतत येतं. त्यामागून ठरलेलं दुसरं येतं: "माझं मनच खंबीर नाही." अशाच एका ताईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काय खाऊ नये, हे मी सांगितलंच नाही. वहीत चार रकाने आखायला लावले: खाण्याची वेळ, त्याआधीची भूक (० ते १०), आदल्या रात्रीची झोप, आणि खाताना समोर काय होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. त्या लिहायला लागलं की माणूस वहीपासूनच खाणं लपवतो.

दोन आठवड्यांनी वही उघडली.

"या दिवशी रात्रीचं खाणं नाही. असं कसं?"

"त्या दिवशी सगळ्यांबरोबर दुपारी पोटभर जेवले होते."

"आणि हे पान?"

सकाळी साडेसातला कॉफी. त्याखाली थेट संध्याकाळी सातला अर्धवट जेवण, मग दहा, साडेदहा, अकरा. झोप पाच तास. सातच्या जेवणापुढे भूक: ३.

"साडेअकरा तासांनी फक्त तीन?"

बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "भूक लागली असं लिहायची लाज वाटली, मॅडम."

गाठ तिथे होती. त्यांना भूक हाच गुन्हा वाटत होता. शरीराच्या लेखी ती निव्वळ मागणी असते. पोट रिकामं राहिलं की जठरातून घ्रेलिन हे भूक जागवणारं संप्रेरक वाढतं आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला खायची सूचना देतं. रोजच्या खाण्याच्या वेळेआधीही ते चढतं, म्हणजे रोज रात्री दहाला खाल्लं की दहाची भूकही तयार होते. झोपेचंही तसंच. २००४ च्या एका अभ्यासात १२ निरोगी तरुण दोन रात्री चार-चार तास झोपले. दहा तासांच्या झोपेच्या तुलनेत त्यांचं घ्रेलिन २८ टक्के जास्त आणि तृप्ती कळवणारं लेप्टिन १८ टक्के कमी भरलं. इतक्या रेट्यापुढे मनाला दोष देण्यात अर्थ नाही, हे मी ठामपणे सांगते.

चौथ्या रकान्यात रोज एकच नोंद होती: लॅपटॉप, शेजारी बिस्किटांचा डबा. डबा हलवायचा मोह मी आवरला. दिवसाची उपासमार तशीच ठेवून डबा वर ठेवला, तर माणूस मध्यरात्री स्टूल घेऊन चढतो. म्हणून आधी दिवस सावरला: उठल्यापासून दोन तासांत पहिलं खाणं, नंतर चार तासांहून मोठा खंड नाही, प्रत्येक जेवणात प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ, आणि जेवायला किमान वीस मिनिटं, कारण आतड्यांकडून 'पुरे' हा निरोप पोचायला वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात डबा बंद कपाटात गेला.

घसरण एकदाच झाली, आणि ती नेहमीच्याच जागी. रात्री जास्त खाल्लं म्हणून त्यांनी सकाळचं गाळलं. संध्याकाळपर्यंत चक्र पुन्हा फिरलं. गाळायचं काहीच नाही, रात्री कितीही खाल्लेलं असो.

खाऊन उलटी काढणं, लपूनछपून भरमसाट खाणं, कारण नसताना वजन घटणं किंवा सतत तहान लागणं असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

पाचव्या आठवड्याच्या पानावर दुपारी एकच्या जेवणापुढे त्यांनी ठसठशीत लिहिलं होतं: भूक ८.