साखरपुड्यातला पुडा

कोल्हापुरातून प्रश्न आलाय: पत्रिकेत ‘साखरपुडा’ छापू की ‘वाङ्निश्चय’? दोन्ही एकच ना?

आधी माझी तक्रार ऐका. परवा राजारामपुरीत एका कार्यालयाबाहेर फलक होता, ‘वाड्निश्चय समारंभ’. वाडा बांधायचं ठरलं होतं की काय! वाक् + निश्चय, पुढच्या न मुळे क् चा ङ्, वाङ्मयात होतो तसाच. ‘वाग्निश्चय’ लिहिलंत तरी पाणिनी चालवून घेतो. ‘वाड्’ला मात्र कुठलंच सूत्र नाही.

आणि मुलाला ‘वाग्दत्त वर’ म्हणता, हा शब्द कुठून काढलात? वाङ्निश्चयाच्या विधीत मुलीचा बाप मुलाच्या बापाला म्हणतो, ‘वाचा दत्ता मया कन्या पुत्रार्थं स्वीकृता त्वया’. शब्दाने दिली जाते ती कन्या. वर घेणाऱ्यांच्या बाजूचा, तो दत्त कसा होईल? (अंगठीसुद्धा या विधीत नाही. गुजरीतल्या सराफांनी रागावू नये.)

आता माझा लाडका शब्द, पुडा. साखर सगळ्यांना कळते, पुड्याकडे कुणी बघत नाही. मूळ संस्कृत पुट, पुटक: घडी, द्रोण, पोकळी. घोटकाचा घोडा झाला, कीटकाचा किडा, तसा पुटकाचा पुडा. नाकपुडी त्याच घरातली. जोडलेल्या ओंजळीलाही संस्कृतात अंजलिपुट म्हणतात. म्हणून मला वाटतं, साखरपुडा म्हणजे नुसती कागदात बांधलेली साखर नाही, ओंजळीने ओंजळीत दिलेली साखर. माझ्या एका विद्वान मित्राला हे पटत नाही, ‘पुडा म्हणजे पुडकं, विषय संपला’ म्हणतो. पण पुडकं तरी कुठून आलं? त्याच पुटातून! हेच गृहस्थ साखरेला फारसी ठरवतात. शर्करा, सक्करा, साखर अशी सरळ वाट असताना! फारसी शकर उलट आपल्याकडूनच तिकडे गेली. आणि शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू. खडीसाखर म्हणणारा तोच अर्थ दोनदा बोलतो, बिचाऱ्याला पत्ताच नसतो.

गुळाच्या गावात गूळपुडा का नाही, हेही एकाने विचारलं होतं. गूळ घरचा होता हो. सोयरिकीला बाहेरची, महागाची वस्तू लागते. हाही माझाच तर्क.

हां, पत्रिका. दोन्ही एकच नव्हेत. सुपारी फुटली, याद्या झाल्या की मुलीला कुंकू लावून, ओटी भरून साखरेचा पुडा देतात, तो साखरपुडा, घरच्यांचा सोहळा. वाङ्निश्चय हा भटजींचा विधी. गणपतीपूजन, मुलीच्या हातून शचीचं, म्हणजे इंद्राणीचं, पूजन आणि दोन्ही बापांचं ते मघाशी सांगितलेलं बोलणं. बऱ्याच घरांत तो आता लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनाच्या जोडीला उरकतात. तुमचा समारंभ लग्नाच्या चार महिने आधी असेल तर ‘साखरपुडा’ छापा. वाङ्निश्चयच हवा असेल तर प्रूफ आल्यावर ङ शेजारचं टिंब तेवढं बघा.