हेड ट्रॅकिंगमध्ये आवाज मागून फरपटत येतो, फिल्टर वाढवू का?

तुम्ही ओपनट्रॅकचा (मानेची हालचाल टिपणारा प्रोग्राम) डेटा पायथन स्क्रिप्टने आयईएमच्या सीनरोटेटरला (त्या हालचालीनुसार आवाजाची दिशा फिरवणारं ऑडिओ प्लगइन) पाठवताय, मान वळवली की आवाज उशिरा जागेवर येतो, म्हणून विचारताय की फिल्टर, म्हणजे डेटातली थरथर घालवणारं स्मूदिंग, वाढवू का आणि कोनांऐवजी क्वाटर्नियन (दिशा चार आकड्यांत लिहायची पद्धत) वापरू का. फिल्टर वाढवू नका. उलट आधी पूर्ण बंद करून बघा.

इतकं ठासून सांगतोय कारण ह्याच दुखण्यात माझे तीन आठवडे गेलेत. आमच्या प्रोजेक्टवरचे एक सीनियर ठाम होते की डेटा खडबडीत आहे, स्मूदिंग वाढव, आणि मी ऐकत गेलो, वाढवत गेलो, प्रत्येक वेळी आवाज अजूनच मागे. मग म्हणाले हेडफोन बदल, तेही झालं. एका रात्री स्क्रिप्ट बंद करून परत चालू केली आणि पहिले काही सेकंद सगळं चोख! समोर ठेवलेली टाळी मान डावीकडे नेली तरी आपल्या जागीच राहिली, खोलीत कुणीतरी खरंच उभं असल्यासारखी. मग हळूहळू परत उशीर. तेव्हा कळलं, स्क्रिप्टच्या दर फेरीला मी ट्रॅकरचं एकच पॅकेट (डेटाचा एक तुकडा) वाचत होतो आणि खाली टाइम डॉट स्लीप 0.02, म्हणजे 0.02 सेकंद थांबा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 50 पॅकेटं, आणि ट्रॅकर त्याहून कितीतरी भरभर पाठवत होता. उरलेली सगळी सॉकेटच्या (डेटा जिथून आत येतो ते दार) बफरमध्ये, म्हणजे रांगेत, साचत होती, म्हणजे मी मान आत्ता कुठे आहे ते पाठवतच नव्हतो, मघाशी कुठे होती ते पाठवत होतो. ह्याला स्मूदिंग काय करणार? फिल्टर म्हणजे स्वतःच उशीर.

तर सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करा, म्हणजे पॅकेट नसेल तर ते वाट बघत अडून बसणार नाही, बफर रिकामा होईपर्यंत वाचत राहा आणि फक्त शेवटचं पॅकेट पुढे ढकला. पॅकेट 48 बाइटचं, सहा डबल (8 बाइटचे दशांश आकडे), पहिले तीन एक्स वाय झेड ते सोडून द्या, पुढचे यॉ (डावी-उजवीकडे वळणं), पिच (वर-खाली) आणि रोल (खांद्याकडे कलणं) अंशांत, ते ओएससीने (ऑडिओ प्रोग्रामना आकडे पाठवायची पद्धत) पाठवा. मान वळवल्यावर आवाजपण मानेबरोबर दुप्पट पळाला तर यॉचं चिन्ह उलटं आहे, प्लगइनमध्येच इन्व्हर्ट आहे.

लोक हेडफोन आणि एचआरटीएफवर (डोकं आणि कान दिशेनुसार आवाज कसा बदलतात त्याचं मोजमाप) तासन्‌तास वाद घालतात आणि उशीर कुणी मोजत नाही, ह्याचा मला मनापासून राग येतो. आवाज पुढून की मागून हे कान मानेच्या हालचालीवरून ठरवतात, मानसशास्त्रज्ञ हान्स वॉलाकने हे 1940 मध्येच दाखवलंय. हालचाल आणि आवाज यांचा मेळच बसला नाही तर महागातला हेडफोन काय कामाचा? एकूण उशीर साधारण 60 मिलिसेकंदांच्या आत ठेवा. कुणी स्मूदिंग म्हटलं की आधी दोन्ही टोकांना टाइमस्टॅम्प छापून त्यांच्यासमोर ठेवा, मी ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

क्वाटर्नियनचं म्हणाल तर ओपनट्रॅक कोनच देतो, मधे रूपांतर करून फारसं काही हाती लागत नाही. मान सरळ वर किंवा खाली 90 अंशांजवळ नेणार असाल तर कोन गडबडतात, तेव्हा थेट क्वाटर्नियन देणारा सेन्सरच लागेल.

आणि हो, वेबकॅमवरून ट्रॅक करत असाल तर सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तरी एक फ्रेमच 33 मिलिसेकंदांची, आणि आवाज थरथरतोही, तिथे अगदी हलका फिल्टर चालेल. पण बफर रिकामा केल्यावरच.