पहिली नोकरी, दोन लाखांचं बजेट: मुंबईत जुनी गाडी घेताना काय तपासावं?
बजेट दोन लाख म्हणताय, तर जुनी अल्टो किंवा वॅगनआर बघा. सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात.

मुंबईत पहिला प्रश्न एकच: गाडी पाण्यात बुडाली होती का? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली, तर तिथूनच नमस्कार करून निघा. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा गंजलाय का बघा, पायाखालचं मॅटिंग वर करून ओल लागते का, हात फिरवा. गाडीत परफ्यूमचा घमघमाट असेल तर कुबट वास लपवलाय असा मला आधी संशयच येतो.

मालकाला बजावून ठेवा, मी येण्याआधी गाडी चालू करू नका. थंड इंजिन सुरू केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सीएनजी असेल तर आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद हवी, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी, 3 वर्षांच्या आतली.

एमपरिवहन या सरकारी ॲपवर थकलेली चलनं आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोरच घ्या. 15 वर्षांच्या आसपासची गाडी स्वस्त वाटते, पण पुनर्नोंदणी आणि ग्रीन टॅक्स (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर) तुमच्या गळ्यात.

आणि हो, पार्किंग आहे ना? सोसायटीत आधी विचारा.