शिक्षा नेमकी कुठे हलकी होते

प्रिय ज्युनिअर,

अपघाताच्या खटल्याचा निकाल लागल्यावर कोर्टाच्या आवारातूनच पाठवलेला तुझा मेसेज वाचला. ‘माणूस गेला आणि आरोपीला फक्त सहा महिने?’ मयताच्या घरच्यांसमोर तुला तोंड दाखवायला लाज वाटली, हेही कळलं. पण न्यायाधीशांवर घसरण्याआधी चार्जशीट काढ आणि कलम कोणतं लागलं होतं ते बघ.

जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याच्या कलमात, कमाल शिक्षाच दोन वर्षं होती. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं १०६(१) लागतं, तिथे पाच वर्षं आहेत. ठोकर मारून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं पोटकलमही होतं. त्या जानेवारीत ट्रकचालकांनी चाकं थांबवली, आणि संहिता लागू करताना सरकारने तेवढंच पोटकलम बाजूला ठेवलं. यात कुठल्या न्यायाधीशाचा हात होता?

अ‍ॅलिस्टर परेरा खटल्याचा निकाल तू मुळातून वाच. नोव्हेंबर २००६, वांद्र्याचा कार्टर रोड, फुटपाथवर झोपलेले मजूर. सात जण गेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने ३०४-अ धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने ३०४ भाग दोन लावला, म्हणजे आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव आरोपीला होती असं मानलं, आणि तीन वर्षं केली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ लिहिलं की ही शिक्षा फार तोकडी आहे. पण वाढवून मागणारं अपील सरकारने केलेलंच नाही, म्हणून आम्ही त्यात जात नाही. न केलेल्या एका अपिलाची ही किंमत. त्यावर तेव्हा कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

न्यायाधीश कधीच चुकत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. दिल्लीत १९९९ साली बीएमडब्ल्यूखाली सहा जण गेले. त्या खटल्यात २०१२ च्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच ३०४ भाग दोन सिद्ध धरलं गेलं, आणि भोगलेली दोन वर्षं पुरेशी मानून पन्नास लाख रुपये आणि समाजसेवा यांवर भागवलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्यापेक्षा २०१५ चा सौरभ बक्षी निकाल बघ. पंजाबात दोघांचा मृत्यू झाला होता, नुकसानभरपाई दिली म्हणून उच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा चोवीस दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली. पैसे दिले की तुरुंग माफ, हा हिशेब त्यांनी नाकारला.

पुण्याच्या पोर्शे अपघात प्रकरणात अल्पवयीन चालकाला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध तुझ्याही मेसेजमध्ये आलाच. अगं, ती शिक्षा नव्हती, बाल न्याय मंडळाने जामिनाला घातलेली अट होती. अट हास्यास्पदच होती, पण वकिलाने तरी जामीन आणि शिक्षा यांची गल्लत करू नये. मला त्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो तो ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप. नमुनाच फिरला तर पुढे न्यायाधीशाने शिक्षा कशावर द्यायची? म्हणून यापुढे फाईल हातात आली की रक्त किती वाजता घेतलं, सील कुणी केलं, सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, कधी आला, हे आधी बघायचं.

आणि जरा आरोपीच्या पिंजऱ्याकडेही बघत जा. कलम जामीनपात्र असूनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत बसलेला टेम्पोचालक तुला तिथे दिसेल. मोठ्या गाडीवाल्याला तेवढं थांबावं लागत नाही. आपल्या अशिलाची बाजू मांडताना हे विसरायचं कारण नाही.

आता कामाचं. शिक्षा कमी वाटली एवढ्यावर मयताच्या कुटुंबाला अपील करता येत नाही. ते सरकारने करायचं असतं. त्यामुळे सोमवारी निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाक आणि कुटुंबातर्फे सरकारी वकिलांना द्यायच्या पत्राचा मसुदा तयार कर. त्यात भावना दोन ओळींत आटप, बाकी सगळे पुरावे आणि पानांचे क्रमांक दे. संध्याकाळी ऑफिसात घेऊन ये, मी बघतो.